परदेशी

आपल्या भाषेत ‘परदेशी’ हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. विलायतेस गेलेल्या आप्तास आपण तो सहसा लावीत नाही. परंतु काशी-प्रयागाकडून येऊन आपल्या गावात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या कुटुंबांस मात्र गावाने ‘परदेशी’ म्हटले आणि पुढे कित्येकांचे तेच आडनाव झाले. विद्यावंतास कोणताही देश परका नाही, असे मी तीस वर्षे मुलांस वर्गात शिकवीत आलो. ते शिकवणे किती अपुरे होते, हे मला गेल्या श्रावणात आमच्याच ओसरीवर कळून आले.

आमच्या शिरूर तालुक्यात रांजणगावी महागणपतीच्या देवस्थानाजवळ मोठी औद्योगिक वसाहत आहे. शेजारच्या दौंड तालुक्यात कुरकुंभास रसायनांचे कारखाने आहेत. उत्तरेकडून येणाऱ्या गाड्या मनमाडवरून दौंडास येतात, आणि कामाच्या शोधार्थ निघालेले तरुण तेथे उतरून चौफुला-न्हावऱ्याच्या वाटेने आमच्याकडे पोहोचतात. असाच एक बिहारी तरुण सकाळच्या पावसात आमच्या दारी उभा राहिला. वय बाविसाच्या आतबाहेर. फिटरचे रीतसर शिक्षण झालेले. प्रमाणपत्र मेणकापडात जपून गुंडाळलेले. “गुरुजी, माडीवर खोली रिकामी आहे असे ऐकले,” असे तो मोडक्या मराठीत म्हणाला.

त्याची अडचण मोठी विलक्षण होती. कारखान्याच्या फाटकावर त्यास स्थानिक पत्ता विचारीत. पत्ता नसेल तर ओळखीचा माणूस विचारीत. खोलीवाले त्यास नोकरीचा दाखला विचारीत. पत्त्यावाचून काम नाही आणि कामावाचून पत्ता नाही! तर्कशास्त्रात ज्यास ‘अन्योन्याश्रय’ म्हणतात, तो दोष मी पोथीत पुष्कळ वेळा वाचला होता. भिजलेल्या कपड्यांनी दारात उभा राहिलेला प्रथमच पाहिला.

तरीही मी त्यास नाही म्हटले. कारण सांगावयास संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. धाकट्या बंधूंचा मुलगा पदविका घेऊन आठ महिने घरी बसला होता. त्याच्या वाट्याचा घास हिरावणाऱ्यास आपणच छप्पर द्यावे काय, आणि शेजारीपाजारी काय म्हणतील, असे दोन विचार एकदम मनात आले. सौभाग्यवतींनी त्यास चहा दिला. मी शुभेच्छा दिल्या. तो नमस्कार करून गेला.

त्या रात्री जेवताना पुतण्या सहज म्हणाला, “काका, त्याला खोली दिली नाहीत, म्हणून मला नोकरी लागली का?”

मला उत्तर सुचले नाही. मग त्यानेच फाटकावरचे गणित समजावून सांगितले. राज्याच्या धोरणात स्थानिकांस ऐंशी टक्के जागा द्याव्यात असे आहे. पण त्या धोरणातला स्थानिक म्हणजे महाराष्ट्राचा रहिवासी, आणि गावच्या बोलण्यातला स्थानिक म्हणजे पंचक्रोशीतला. त्यामुळे बीड-लातूरचा मुलगा कागदावर आपला आणि फाटकावर परका! शिवाय पुष्कळशी भरती ठेकेदारामार्फत होते. ठेकेदारास पंचक्रोशीतला मुलगा नको असतो, कारण तो पेरणीस रजा मागतो, लग्नकार्यास जातो आणि वेतन कापले तर चार माणसे घेऊन येतो. बाहेरून आलेल्यास येथे कोणी नसते. म्हणून तो सांगितल्या पाळीस उभा राहतो आणि देतील ते घेतो. “त्याला घेतात ते तो हुशार म्हणून नव्हे, काका; तो एकटा म्हणून.”

हरियाणा राज्याने २०२० साली खासगी नोकऱ्यांतील पंच्याहत्तर टक्के जागा स्थानिकांस राखणारा कायदा केला. उच्च न्यायालयाने तो २०२३ साली घटनाबाह्य ठरविला. देशात कोठेही जाऊन राहण्याचा व व्यवसाय करण्याचा हक्क घटनेने दिलेलाच आहे. परप्रांतीय कामगारांसाठी १९७९ साली स्वतंत्र कायदा झाला, पण तो ठेकेदाराने आणलेल्यांपुरता होता. २०२० च्या संहितेने आपण होऊन आलेल्यासही त्या व्याख्येत घेतले. परंतु काम मिळाल्यावर! जो अजून काम शोधीतच आहे, तो या व्याख्येतही बसत नाही. त्यास कोणी ओळखावयाचे असेल, तर ते माणसांनीच.

आणि मग मला तीर्थरूपांची गोष्ट आठवली. १९५० च्या सुमारास ते रत्नागिरीकडून दौंडास रेल्वेत काम शोधावयास आले. तीन महिने ते एका चाळीच्या ओसरीवर निजले, ही हकीकत आमच्या घरी दर श्राद्धाच्या दिवशी मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. ती ओसरी रेल्वेतल्याच एका उत्तर हिंदुस्थानी सांधेवाल्याची होती. “हा माझ्या घरचा मुलगा आहे,” असे त्याने साहेबास सांगितले, तेव्हा वडिलांस काम मिळाले. वडिलांच्या कष्टांचा पाढा आम्हा सर्वांस पाठ आहे. त्या सांधेवाल्याचे नाव मात्र आज घरात कोणासही ठाऊक नाही. त्याच्या दृष्टीने त्या वेळी परदेशी कोण होते?

दुसऱ्या दिवशी मी रांजणगावच्या फाटकापाशी जाऊन चहावाल्यांकडे चौकशी केली. तो तरुण कुरकुंभास गेला असे एकजण म्हणाला, चाकणास गेला असे दुसरा. तो मला पुन्हा भेटला नाही.

माडीवरच्या खोलीत आता ओडिशाकडचा एक मुलगा राहतो. पोलीस पडताळणीचा कागद व भाडेकरार मी स्वतः पुरा केला. ओळख देणाऱ्याच्या जागी स्वतःचे नाव घातले. शेजारी दोन दिवस बोलले, मग गणपतीत तोच मखर उभारावयास लागला तेव्हा थांबले. पुतण्यास अजून कायमची नोकरी नाही. परंतु सकाळी दोघे एकाच दुचाकीवर निघतात, आणि किमान वेतनाखाली कोणीही हो म्हणावयाचे नाही, असा त्यांनी आपसांत करार केला आहे. गेल्या महिन्यात एका ठेकेदाराने त्या मुलास कमी दर सांगितला. त्याने आमच्या घराचा पत्ता सांगून “काकांना विचारून सांगतो,” असे उत्तर दिले. ठेकेदाराने दर वाढविला.

मी त्यास नोकरी दिली नाही, देऊही शकत नाही. माझ्यापाशी काय ते एक आडनाव आणि एक पत्ता. पण परक्यास चार माणसे मिळाली की तो स्वस्त राहत नाही. आणि तो स्वस्त राहिला नाही, तर आपल्या मुलास डावलण्याचे एक कारण तरी कमी होते. दौंडच्या त्या सांधेवाल्याचे ऋण त्यास फेडणे आता शक्य नाही. ते पुढच्या पाहुण्यासच फेडावे लागणार.