बॉनेटला खिडकी

वाचकहो, कोल्हापूरला तुम्ही जाता ते अंबाबाईच्या दर्शनाला, नाहीतर मार्केट यार्डात गूळ घालायला. वेळ उरला तर पोराबाळांना रंकाळा दाखवता आणि संध्याकाळची एस. टी. धरता. उद्यमनगरात मात्र हौसेने कोणी जात नाही. इंजिन बसले, पंपाचा शाफ्ट वाकला, मळणीयंत्राचे बेअरिंग गेले, की मगच तिकडची आठवण होते. आज तुम्हाला तिकडेच न्यायचे आहे. जुनी, १९९७ सालची हकीकत आहे, आणि ती एका मॅटॅडोरची आहे.

मॅटॅडोर आता रस्त्यावर दिसत नाही म्हटले तरी चालेल. नव्या पोरांना तर ठाऊकच नसणार. आकुर्डीच्या बजाज टेम्पो कारखान्याची ही गाडी. नवलमल फिरोदियांनी १९५८ साली जर्मन टेम्पो कंपनीच्या सहकार्याने हा उद्योग सुरू केला. २००५ साली कारखान्याचे नाव बदलून फोर्स मोटर्स झाले. त्या काळात गावोगावी वऱ्हाड, भाजीपाला, शाळेची पोरे, आजारी माणूस, सगळे मॅटॅडोरमधूनच जाई. तिची एक खोड होती. इंजिन नाकाच्या पुढे नसून आत, ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारचा माणूस यांच्या मधोमध बसवलेले. त्यावर पत्र्याचे मोठे झाकण. आपण त्याला बॉनेटच म्हणायचो. जागा कमी पडली की त्यावर घोंगडे टाकून दोघे-तिघे बसत. हिवाळ्यात बरे वाटे. वैशाखात बसणाऱ्याला विचारावे!

त्या वेळी माझी नेमणूक गडहिंग्लज भागात होती. तिथल्या एका गावी दोन भावांचे अडीच एकराचे रान होते, भुईमूग आणि मिरचीचे. एवढ्यात दोन संसार भागेनात म्हणून पतसंस्थेचे कर्ज काढून त्यांनी जुनी मॅटॅडोर घेतली. थोरला शेत बघे, धाकटा गाडी. सोमवार ते शनिवार बाजारच्या बायका आणि त्यांच्या पाट्या, रविवारी जोतिबा, अमावास्येला आदमापूर. हिशेब ठेवायची त्यांची आई. तिला सगळे गाव आक्का म्हणे. वहीत हप्त्याची तारीख ती लाल पेन्सिलीने गोल करून ठेवी.

एकदा सावंतवाडीहून नारळ भरून येताना आंबोलीच्या चढाला पाण्याचा होज फाटला. धाकट्याला कळलेच नाही. तो काही निष्काळजी नव्हता. तापमानाच्या काट्यावर त्याची नजर होती आणि काटा वर जाण्याऐवजी खाली आला. गाडी थंड झाली असे वाटून त्याने आणखी रेटली. ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण तुमच्या ट्रॅक्टरलाही ती लागू आहे. तापमान मोजणारा खिळा पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरे सांगतो. पाणी वाहून गेले की तो हवेत किंवा वाफेत लटकतो, आणि इंजिन भाजत असले तरी काटा निवांत दिसू शकतो. घाट संपता संपता गाडी थांबली. गॅस्केट जळालेले आणि हेडला चीर. त्या सालचा भुईमूग अख्खा त्या हेडमध्ये गेला आणि पतसंस्थेचे दोन हप्ते थकले.

नवे हेड बसले. पण धाकट्याच्या मनातून भीती जाईना. घाट आला की दर पाच-सहा मैलांवर थांबायचा, बायकांना बॉनेटवरून उठवायचा, क्लिपा काढून आत बघायचा. बाजाराला उशीर होई. कोथिंबीर सुकून जाई आणि बायका दुसरी गाडी बघायच्या गोष्टी बोलू लागल्या. तेव्हा आक्कांनीच तोडगा सुचवला. घरच्या डिझेल इंजिनाला फिल्टरची काचेची वाटी होती. तळाला पाणी किंवा गाळ साचला की बाहेरूनच दिसे. आक्का म्हणाल्या, “त्या वाटीगत हितं काच बसीव की. उघडायचं कशाला?”

मला हे ऐकून मधपेटी आठवली. महाबळेश्वरला एका बाजूला काच बसवलेली पेटी मी शिकत असताना पाहिली होती. पेटी न उघडता, माश्यांना न डिवचता राणीमाशी कुठे आहे ते कळते. मी आक्कांची बाजू घेतली. दुसऱ्या आठवड्यात मला कोल्हापूरला काम होते, म्हणून त्यांच्याच गाडीतून निघालो.

गडहिंग्लजहून कोल्हापूर म्हणजे गंमतीचा रस्ता आहे. संकेश्वरला तुम्ही कर्नाटकात शिरता, पण बाजारात मराठी आणि कानडी एकाच वाक्यात ऐकू येते. मिरचीच्या दिवसांत नाक झोंबते. मग पुणे-बेंगळूर हमरस्ता, तवंदीचा घाट, खाली निपाणी. तिथे मिरचीची जागा तंबाखूच्या वासाने घेतलेली असते. कागलला पुन्हा महाराष्ट्र. आक्का पुढच्या सीटवर होत्या. बॉनेटवर त्या दिवशी कोणी नव्हते, फक्त मिस्त्रीसाठी घेतलेल्या भुईमुगाच्या शेंगांचे गाठोडे.

उद्यमनगराची ओळख आधी कानाला होते. लेथचा एकसुरी आवाज, ग्राइंडरची किंकाळी, कुठे हातोडा. मग नाकाला: कूलंटचे दूधपाणी, तापलेले लोखंड, भट्टीची वाळू. दहा बाय पंधराच्या गाळ्यात बाप लेथवर आणि पोरगा ड्रिलवर. एकाने कास्टिंग ओतायचे, शेजारच्याने ते घासायचे, तिसऱ्याने दात पाडायचे. दक्षिण महाराष्ट्रातल्या विहिरींवर ऑइल इंजिने आली, ती नादुरुस्त होऊ लागली, आणि त्यांच्या दुरुस्तीवरच इथल्या कितीतरी कारागिरांचा हात बसला. एक गाळेवाला सांगत होता, “वस्तू दावा. कागद नको.” नकाशा नसताना तुटलेल्या तुकड्यावरून अख्खा भाग करून देणारी ही माणसे. शेतकऱ्याने त्यांच्याकडे आदराने बघावे असे मला नेहमी वाटत आले आहे. आता यातले पुष्कळसे काम शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत चालते. तरी उद्यमनगर बंद पडलेले नाही.

आमचे मिस्त्री साठीचे, बनियन आणि खाकी अर्धी चड्डी. धाकट्याने सोबत अॅक्रिलिकचा तुकडा आणला होता, दुकानाच्या पाटीचा उरलेला. मिस्त्रींनी तो हातात घेतला, वाकवून बघितला आणि बाजूला ठेवला.

“पोरा, हे न्हाई चालायचं. इंजिन तापलं की पापडागत वाकंल.”

“मग साधी काच लावू का, मिस्त्री मामा?”

“साधी तडकंल, आन् आक्कांच्या मांडीवर पडंल.”

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. अॅक्रिलिक सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. साधी काच एका जागी तापली आणि दुसरीकडे थंड राहिली की तडकते आणि तिचे सुऱ्यासारखे तुकडे होतात. मोटारीच्या बाजूच्या खिडक्यांना असते ती टफन्ड काच उष्णता पुष्कळ सोसते, फुटलीच तर बारीक बोथट खडे होतात. पण ती एकदा भाजून तयार झाली की कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. मापाची आधी कापून, कडा घासून मगच भाजावी लागते. म्हणून पहिल्या दिवशी फक्त माप झाले. ९ इंच लांब, ६ इंच रुंद अशा चार काचा. चार कशाला? खिडक्या दोनच, पण प्रत्येकीला दुहेरी काच आणि मध्ये बोटभर पोकळी. त्या पोकळीतल्या हवेने उष्णता अडते आणि आवाजही थोडा मरतो.

काचा आल्यावर पुन्हा गेलो. खिडक्या कुठे पाडायच्या यावर तासभर चर्चा झाली. धाकट्याला त्या बरोबर मधोमध, शोभिवंत हव्या होत्या. मिस्त्री म्हणाले, शोभा घरी. एक खिडकी पंख्याचा पट्टा आणि वरचा होज दिसेल तिथे, दुसरी डिझेल पंपाच्या बाजूला, गळती दिसेल अशी. एक्झॉस्टच्या बाजूला अजिबात नाही, तिथे सर्वांत जास्त धग. चौकटीचे कोपरे त्यांनी गोल केले, कारण काटकोनाच्या टोकातून पत्र्याला चीर सुरू होते. पत्रा कापल्यावर आतला जाड नमदा दिसला. तो त्यांनी भोकाएवढाच काढला आणि कड पत्र्याच्या पट्टीने दाबून बांधली. सुटलेला नमदा एक्झॉस्टवर पडला तर पेट घेतो. काच चौकटीत तापमान सोसणाऱ्या लाल सिलिकॉनवर बसली, वरून स्क्रूची पट्टी. आत १२ व्होल्टचा एक छोटा दिवा. त्याच्या वायरला वेगळा फ्यूज आणि जाड नळी, कारण इंजिनाच्या थरथराटाने वायर घासून उघडी पडते. प्रत्येक खिडकीवर बिजागरीची नमदा लावलेली झडप. बघायचे तेव्हाच उघडायची, एरवी बंद. रात्री आतला उजेड ड्रायव्हरच्या डोळ्यावर आला तर पुढचा बैल दिसायचा नाही.

पण मला मोलाची वाटली ती त्यांनी शेवटी केलेली परीक्षा. गाडी गाळ्यात घेतली, शटर ओढले, बॉनेटखाली मोठा बल्ब लावला आणि आम्हाला आत बसवले. काळोखात जिथे जिथे उजेडाची रेघ दिसली तिथे त्यांनी खडूने खूण केली. खिडक्यांभोवती एकही नव्हती. पण जुन्या रबरी पट्टीखालून तीन ठिकाणी उजेड येत होता!

“उजेड येतोय तितनं धूर बी येतोय,” मिस्त्री म्हणाले.

वाचकहो, इथे थोडे थांबतो. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. डिझेलमध्ये तो पेट्रोलपेक्षा कमी, पण असतो. त्याला रंग नाही, वास नाही. एक्झॉस्टचा सांधा फुटला आणि बॉनेटची पट्टी सैल असली की तो थेट आत येतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि लोक म्हणतात गाडी लागली. काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपलेली माणसे पुन्हा उठली नाहीत असे घडलेले आहे. रविवारी जोतिबाहून येताना बॉनेटवर पेंगणारी पोरे आक्कांनी किती वेळा पाहिली असतील! त्या गप्प झाल्या. मग मिस्त्रींना म्हणाल्या, “पट्टी समदी नवी घाला. पैशाचं म्या बघते.” खिडकीपेक्षा त्या पट्टीचेच काम मोठे झाले, असे माझे मत आहे. ही उजेडाची परीक्षा तुम्ही घरच्या घरी, रात्री, एका बॅटरीवर करू शकता.

थोरला स्वभावाने कायदेशीर. पत्रा कापण्याआधी तो आर. टी. ओ. कचेरीत विचारून आला होता. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ नोंदीत फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही. इंजिन, आसने, वजन यांना हात लागत नव्हता, म्हणून त्याला नकार आला नाही आणि पुढच्या पासिंगला साहेबांनी झडप उघडून बघितली. तुम्ही काही बदल करणार असाल तर आधी विचारा, कारण अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिल्यांदा तेच विचारते.

खिडकीचा उपयोग झाला का? झाला. त्याच पावसाळ्यानंतर तवंदीच्या चढाला आक्कांना पंख्याच्या पट्ट्यातून दोरा लोंबताना दिसला. गाडी बाजूला घेऊन पट्टा बदलला, अर्धा तास गेला. पण खिडकी म्हणजे वैद्य नव्हे. आतून तेलकट धूळ बसते, पंधरा दिवसांनी पुसावी लागते. हेडच्या आतले काही दिसत नाही. काटा बघणे, सकाळी पाणी आणि तेल तपासणे सुटत नाही. आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण काढू नये ते नाहीच. त्या बंद जागेत दाबामुळे पाणी १०० अंशांच्याही वर गेलेले असते, झाकण सैल होताच तोंडावर येते.

काच असल्यामुळे बॉनेटवर माणसे बसवणे मात्र बंद झाले. दोन बायकांचे भाडे गेले म्हणून धाकटा कुरकुरला. आक्कांनी वहीत तो आकडा लिहिला, त्याच्यापुढे हेडचा खर्च लिहिला आणि वही त्याच्यापुढे ठेवली. बाजारच्या बायका त्या खिडकीला आक्कांचा टी. व्ही. म्हणत. घाट लागला की कोणीतरी मागून विचारी, “आक्का, आज काय लागलंय?” आणि आक्का झडप उघडून, चष्मा सारखा करून सांगत, “पट्टा फिरतोय, पाणी न्हाई. गप बसा.”

कर्ज १९९९ साली फिटले. गाडी त्यांनी पुढे २००४ पर्यंत चालवली आणि कागलच्या एका माणसाला विकली. नव्या मालकाने पहिल्याच आठवड्यात दोन्ही खिडक्यांवर पत्रा ठोकून घेतला असे ऐकले. त्याला बॉनेटवर माणसे बसवायची होती.