हिंगाचा वास उशिरा का येतो?

कढईत मोहरी तडतडली, हिंग पडला, तरी बाहेरच्या खोलीत बसलेल्याला वास यायला थोडा वेळ लागतोच. हवेचे रेणू तर सेकंदाला साडेचारशे मीटरहून अधिक वेगाने धावतात. मग उशीर का?

नेमका हाच आक्षेप डच हवामानशास्त्रज्ञ बाइस बॅलट यांनी घेतला होता. १८५८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ रुडॉल्फ क्लाउझियस यांनी उत्तर दिलं: रेणू सरळ जाऊच शकत नाही, वाटेत सतत दुसऱ्यांवर आदळून दिशा बदलतो. किती सुंदर उत्तर!

दोन धडकांमधलं अंतर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी. अशा गर्दीतून वास पुढे नेते ती मुख्यतः शेगडीवरून उठणारी गरम हवा आणि खिडकीतली झुळूक.

हवा म्हणजे पोकळी नव्हेच. समुद्रसपाटीला एक घनमीटर हवा सुमारे १.२ किलो भरते. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत चौतीसेक किलो.