फुकटची रात्र

दिवाळीला मुलगा पुण्याहून उमापूरला आला तो एक नवीनच टूम घेऊन. "बाबा, हॉटेलवालं क्रेडिट कार्ड घ्या की. टाइमशेअर आहेच तुमचं. सुट्टीवाली माणसं तुम्ही!"

'सुट्टीवाली माणसं' ऐकून आमची ही स्वैपाकघरात मोठ्यानं हसली. तिच्या हसण्याला कारण आहे. 2008 साली औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) एका फुकटच्या जेवणाला गेलो आणि येताना टाइमशेअर घेऊन आलो. पंचवीस वर्षं, दरवर्षी सात दिवस. त्यातले आम्ही आजवर गेलो पाच वेळा. कधी आईचं आजारपण, कधी कापूस वेचणी, कधी परीक्षेचं काम. देखभालीचे पैसे मात्र न चुकता भरतो. यंदा 18 हजार.

आमच्या भागातली माणसं दसरा झाला की मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला ऊसतोडीला जातात. पैसे आधी, कष्ट नंतर. आमचं उलटं. विश्रांतीचे पैसे आधी देऊन बसलो आणि विश्रांती घ्यायची राहूनच चाललीय.

तर कार्ड. मुलानं सांगितलं ते एचडीएफसी बँकेचं मॅरियट बॉनव्हॉय कार्ड. 2023 साली ते निघालं तेव्हा वर्षाची फी 3000 रुपये होती, 18 टक्के जीएसटी धरून 3540. त्याबदल्यात वर्षाला एक रात्र फुकट, 15 हजार पॉइंटांपर्यंतच्या हॉटेलात. "आठ हजारांची खोली साडेतीन हजारांत पडली!" मुलगा म्हणाला. मलाही पटलं. वही काढून मी आकडे मांडायलाच बसलो.

न्यू जर्सीचा माझा मावसभाऊ अशा कार्डांचं फार कौतुक करतो. पण त्याचं टाइमशेअर मॅरियटच्याच नावाचं. तिकडे पात्र मालकांना एखाद्या वर्षी सुट्टीऐवजी हॉटेलांचे पॉइंट घेता येतात. म्हणजे दोन्ही खाती एकमेकांना जोडलेली. आमचा रिसॉर्ट वेगळ्या कंपनीचा. तिथे हे कार्ड दाखवून चहासुद्धा जास्तीचा मिळायचा नाही.

शिवाय पॉइंट जमायला खर्च कार्डावर व्हायला हवा. आमचा किराणा उमापूरच्या दुकानात, रोख नाहीतर क्यूआरवर. 2022 पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, पण हे कार्ड डायनर्सचं. आणि एखाद्या महिन्याचं बिल थकलं, तर अशा कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज. सावकार परवडला!

एवढं सगळं मांडून झाल्यावर ही पदराला हात पुसत बाहेर आली आणि एकच प्रश्न विचारला. "अहो, पुण्याला गेल्यावर आपण उतरतो कुठे?"

मुलगा मित्रांबरोबर एका खोलीत राहतो, त्यामुळे त्याला भेटायला गेलो की आम्ही स्टेशनजवळच्या लॉजवर उतरतो. बाराशे रुपये.

संपलं गणित. ती फुकटची रात्र आठ हजारांची नव्हतीच. आमचे वाचणार होते बाराशे, त्यासाठी जाणार होते साडेतीन हजार. कामानिमित्त जे मोठ्या हॉटेलात पैसे मोजून राहतातच, त्यांच्यासाठी कार्ड चांगलंच असेल, मग टाइमशेअर असो नसो. पण वस्तूवर लिहिलेली किंमत म्हणजे आपला फायदा नव्हे. 2008 सालीही मला भिंतीवरच्या पडद्यावर असाच एक आकडा दाखवला होता, 'हॉटेलात राहिलात तर इतके लाख लागतील.' आम्ही हॉटेलात राहणार होतो कधी? हे तेव्हा कुणी विचारलं नाही. हिनं विचारलं असेल, तर मी ऐकलं नसणार.

असो. कार्ड नको म्हणून मुलाला सांगितलं. तो जरा हिरमुसला. खरं तर त्याला आम्हाला एकदा चांगल्या खोलीत ठेवायचं होतं, हे मला रात्री उशिरा उमगलं.

मग सकाळी उठून पहिलं काम केलं, जानेवारीत महाबळेश्वरचे पाच दिवस लावले. पैसे गेलेलेच आहेत, निदान सुट्टी तरी पदरात पडू दे. मुलगाही तिथे येणार आहे. शेवगाव-नगरमार्गे पुणं आणि मग पुढे. पुण्यात मुक्काम लॉजवरच.

आईला विचारलं, येतेस का? बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आन् म्हशीचं काय करायचं रे?"

तेवढं एक गणित अजून सुटायचंय.