उशाशी बसलेले पाळक

लग्नानंतर मी नगरहून बंगळूरला आले. आमचे चर्च लहान, पण सासूबाईंना ओढ मैदानावरच्या मोठ्या सभांची! जानेवारी २००५ मध्ये अमेरिकेतले प्रचारक बेनी हिन जक्कूर विमानतळाच्या मैदानावर आले. शहरात विरोधही झाला, तरी लोक लोटले. सासूबाई पुढे कित्येक दिवस त्या रोषणाईचेच वर्णन करीत होत्या.

काही वर्षांनी दुसऱ्या एका नामांकित प्रचारकाची सभा भरली. ओळखीने पहिल्या रांगेचे पास मीच मिळवले. शेजारणींना सांगतानाही मला केवढा अभिमान वाटला होता!

त्या रात्री घरी येताच सासूबाई म्हणाल्या, "मी बरी झाले. आता सुई नको."

मधुमेह पंधरा वर्षांचा. आम्ही परोपरीने समजावले, पण त्या ऐकेनात. चौथ्या दिवशी त्या बेशुद्ध पडल्या. दवाखान्यातून मी प्रचारकांच्या कार्यालयात फोन केला. "नाव यादीत घेतो," एवढेच उत्तर मिळाले. पुढच्या आठवड्यात घरी टपालाने दानाचे पाकीट आले.

आमचे वयस्क पाळक मात्र दोन बस बदलून आले. उशाशी बसून त्यांनी सासूबाईंचा हात हातात घेतला. "आई, आधी इन्सुलिन घ्या, मग आपण प्रार्थना करू. देवाला डॉक्टरांचे वावडे नाही," ते म्हणाले. सासूबाईंनी मुकाट्याने दंड पुढे केला.

प्रसिद्धी वाईटच असते असे नाही. १८५८ मध्ये कर्नाटकातल्या गंगामूळ येथे जन्मलेल्या पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत व्याख्याने देऊन नाव मिळवले, मदतही उभी केली. पण ती विधवांच्या शिक्षणासाठी. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या आणि केडगावला त्यांच्यासाठी मुक्तिसदन उभारले. १९२२ मध्ये त्यांनी देह ठेवला तोही तिथेच, आपल्या मुलींमध्ये.

दोष एकट्या प्रचारकांना तरी कसा द्यावा? त्यांना डोक्यावर आपणच घेतो. पहिल्या रांगेचे पास मीच तर आणले होते! आता नवे नाव कानावर आले की मी एकच विचारते, 'रात्री-अपरात्री बोलावले, तर हे येतील का?'

सासूबाई आता रोज सुई घेतात. रविवारी पाळकांना यायला उशीर झाला, तर दाराशी उभ्या राहून वाट पाहतात.