पंजा

आमच्या घरी ट्रॅक्टर आहे असे सांगितले की वर्गातल्या मैत्रिणींना वाटते, आमची पुष्कळ शेती असावी. शेती आमच्याकडे गुंठाभरसुद्धा नाही. चिंचवडगावात दोन खोल्यांत आम्ही राहतो आणि ट्रॅक्टर गल्लीच्या तोंडाशी उभा असतो. त्याने नांगर कधी ओढलेला नाही. तो राडारोडा वाहतो. जुनी घरे पडली की त्यांच्या विटा, माती आणि सळया. चाकण, निघोजे, महाळुंगे या बाजूला कारखान्यांसाठी घेतलेल्या आणि वर्षानुवर्षे तशाच पडून राहिलेल्या प्लॉटांवरची झाडेझुडपे. हे सारे ट्रॉलीत भरून न्यायचे हा आप्पांचा धंदा. आप्पा म्हणजे माझे वडील. ते सातवीपर्यंत शिकले, आई शाळेत गेलीच नाही आणि मी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच.

आमच्या गावाच्या नावात चिंच आणि वड ही दोन झाडे आहेत असे लहानपणापासून ऐकत आले. आप्पांच्या ट्रॉलीत मात्र ही झाडे क्वचितच दिसतात. तिच्यात असते घाणेरी, वेडी बाभूळ, सुबाभूळ आणि गाजरगवत. गंमत अशी की ही चारही मंडळी मूळची अमेरिका खंडातली. गाजरगवताची तर आपल्या देशातली सुरुवातीची नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० साली आणि महापालिका १९८२ साली. वस्ती जशी पुढे सरकली तशी तिच्या कडेकडेने ही झुडपेही सरकत गेली. शेत विकले गेले आणि कारखाना अजून आलेला नाही, अशी मधली जी जमीन असते, तिच्यावर यांचे राज्य.

हे काम पूर्वी कसे चालायचे ते सांगते. दोन पुरुष कोयत्याने तोडणार आणि चार बायका ओढून ट्रॉलीत भरणार. त्या चार बायकांत आई होती, माझी काकी होती आणि गल्लीतल्या दोघी होत्या. वेड्या बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो. गाजरगवताने आईच्या हातांना खाज सुटायची आणि ती रात्री खोबरेल लावून बसायची. एक ट्रॉली भरायला अर्धा दिवस जाई. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीत महापालिकेने भंगाराची गोदामे आणि पत्राशेड मोठ्या प्रमाणावर पाडली, त्यानंतर राडारोडा या शब्दाचा खरा आकार आम्हांला कळला. ठेकेदार आता पहिल्यांदा एकच विचारू लागले, "मशीन आहे का?" जेसीबी घेण्याची आमची ऐपत नव्हती. ट्रॅक्टरला पुढे जुना लोडर बसवलेला होता, पण त्याची बकेट झुडपात घातली की झुडूप वाकून खाली जाई आणि बकेटीत माती भरून येई. माती वाहून नेण्याचे पैसे कोणी देत नाही. म्हणून आप्पांच्या मनात पंजा घ्यायचे आले.

साखर कारखान्याच्या आवारात ऊस उचलणारा पंजा अनेकांनी पाहिला असेल. हा त्याचाच धाकटा भाऊ. खाली लोखंडी दातांची फणी, वर मिटणारा जबडा. झुडूप दातांवर घ्यायचे आणि जबडा मिटायचा. माती दातांमधून खाली गळून जाते. दुकानदार याला ग्रॅपल म्हणतात.

आप्पांनी तीन ठिकाणांहून माहितीपत्रके आणली. तिन्ही इंग्रजीत. ती त्यांनी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "वाच. कॉलेजात जातीस ना?" आमच्या कॉलेजात मी वर्ड्‌सवर्थ वाचते, हायड्रोलिकवरचे इंग्रजी मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचले. शब्दकोश घेऊन बसले. अडलेला शब्द मी उच्चारला की आप्पा त्याचा अर्थ सांगत, कारण वस्तू त्यांना ठाऊक होती. असा अभ्यास मला पुन्हा मिळेल असे वाटत नाही.

पहिली गोष्ट वजनाची निघाली. आमच्या लोडरची ताकद ८०० किलो. आप्पांना आवडलेला सहा फुटी पंजा स्वतःच ३४० किलोंचा होता. म्हणजे उचलायला उरले ४६०. शिवाय ही ८०० ची ताकद लोडरच्या पिनेपाशी मोजलेली. ओझे त्याच्या पुढे दोन-तीन फुटांवर असणार. हे मी वहीत आकृती काढून समजावत होते. आई भाकऱ्या थापत ऐकत होती. ती म्हणाली, "घागर कमरेवर घेतली तर कोसभर चालवते. हात लांब करून धर बघू!" माझी आकृती तिथेच संपली. पाच फुटी, २४० किलोंचा पंजा घ्यायचे ठरले. दुकानदाराने "मोठा घ्या, मजबूत आहे" असे पुन्हा पुन्हा सांगितले, पण मजबूत लोखंडाचा भार शेवटी आमच्याच पुढच्या आसाला वाहायचा होता.

दुसरे, जबडा एक की दोन? एकच रुंद जबडा स्वस्त पडतो. पण झुडपाचा ढीग कधी सारखा नसतो. एका बाजूला खोड आणि दुसऱ्या बाजूला नुसता पाला. अशा वेळी एक जबडा खोडावर अडकून राहतो आणि पाल्याची बाजू सुटून जाते. दोन वेगवेगळे जबडे असले तर ज्याला जेवढे मिटायचे तेवढा तो मिटतो. इथे आप्पांनी जास्त पैसे मोजले. ते योग्यच केले असे माझे मत आहे. लोडरला वर-खाली आणि वाकवण्याच्या दोनच लाइनी होत्या. जबड्यासाठी तेलाची तिसरी लाइन बसवावी लागली, त्याचा खर्च पत्रकात बारीक अक्षरांत होता.

तिसरा प्रश्न दातांमधल्या अंतराचा, आणि खरी अडचण इथेच होती. झुडपांसाठी दात विरळ हवेत, म्हणजे माती गळते. राडारोड्यासाठी दाट हवेत, नाहीतर विटांचे तुकडे गळतात. आमचे काम दोन्ही. आप्पा दाट दातांकडे झुकले होते.

तेव्हा काकी बोलली. ती एरवी आप्पांसमोर फारसे बोलत नाही. "भावजी, वरचं तुमचा पंजा उचलंल. खालचं काय गळंल ते तर आम्हांला राहू द्या." सगळे गप्प झाले. यंत्रामुळे येणारी बेकारी हा मुद्दा अर्थशास्त्राच्या पेपरात पाच गुणांना येतो आणि मी तो कारणांसकट पाठ केला आहे. काकीला मुद्दा माहीत नव्हता. तिला महिन्यातले किती रोज बुडणार तो आकडा माहीत होता. आईच्या पाटल्या गहाण ठेवून हा पंजा येणार होता आणि तो आल्यावर आईच्याच हातचे काम जाणार होते. आई मात्र म्हणाली, "माझं गेलं तर गेलं, हात तरी बरे होतील. तिचं बघा." आप्पांनी दोन दिवस काही सांगितले नाही. मग सहा इंच अंतराच्या दातांचा पंजा आला.

चालवताना जे पाहिले ते थोडे लिहिते. यंत्राची आवड असणाऱ्यांना उपयोगी पडेल. पंजा जमिनीत खुपसायचा नाही. दात जमिनीलगत ठेवून सावकाश पुढे जायचे, झुडपाच्या बुडाशी पोहोचले की पंजा मागे वळवत वळवत थोडे पुढे सरकायचे, मग जबडा मिटायचा. घाणेरीचे जाळे पावसाळा सरता सरता, जमीन ओली पण चाक न रुतणारी असते तेव्हा, मुळासकट येते. वेड्या बाभळीचे तसे नाही. तिचे मूळ खोल असते. तिला उपटण्याची जिद्द धरली तर लोडरचे हात वाकतील. ती तोडायची आणि पंज्याने फक्त उचलायची. बुंधा उरला तर तो पुन्हा फुटतो, त्याला जेसीबीच लागतो. ओझे गुडघ्याएवढेच उंच ठेवून चालायचे. उंच धरून वळले की ट्रॅक्टर कलंडतो. उतारावर आडवे जायचे नाही. मागे वजन हवेच. आप्पांनी मागच्या टायरांत पाणी भरले आणि काँक्रीटचा ठोकळा अडकवला. वाळका पाला रेडिएटरच्या जाळीवर बसून इंजिन तापते, म्हणून दर तासाला जाळी झाडायची. तेलाच्या पाइपांना फांदी अडकू नये म्हणून त्यांवर जुन्या रबरी नळीची खोळ चढवली आहे. आणि पंजा वर असताना त्याच्याखाली कोणी जायचे नाही, हे आप्पा रोज सकाळी नव्याने सांगतात. ढीग उचलण्याआधी इंजिन चालू ठेवून थोडे थांबतात. घोणस असली तर तिला निघून जायला वेळ मिळावा म्हणून.

आता बायका चारऐवजी दोन येतात. काकी आणि गल्लीतली एक. आई घरी असते आणि तिचे हात खरोखरच बरे झाले आहेत. गल्लीतली दुसरी बाई भोसरीला एका कंपनीत साफसफाईला जाते. ती आमच्या घरी पूर्वीसारखी येत नाही. पंजा उचलून गेला की मागे अर्ध्या विटा, फरशीचे तुकडे, तारा आणि वीत-वीत सळया उरतात. ठेकेदाराला प्लॉट साफ हवा असतो, म्हणून ते हाताने वेचावे लागते. काकीने रोजाबरोबर आणखी एक गोष्ट मागून घेतली: वेचलेले लोखंड तिचे. आप्पांनी मान्य केले. शनिवारी ती पोते भंगारवाल्याकडे नेते आणि वजनकाट्याकडे अशी बघत उभी राहते की त्याची काटा मारण्याची छाती होत नाही.

वर्कशॉपवाल्याने दातांवर बोल्टांनी बसवायची एक लोखंडी जाळीही दाखवली आहे. ती लावली की बारीक राडारोडाही गळत नाही. तिची किंमत मी हप्त्यांच्या हिशेबात लिहून ठेवली आहे, आणि हप्ते लवकर फिटतील हेही त्या हिशेबात दिसते. आप्पांनी तो कागद दोनदा वाचायला लावला. जाळी अजून वर्कशॉपच्या भिंतीलाच टेकलेली आहे.