माग धांवतो

इंग्रजीच्या तासाला ‘रन’ हें क्रियापद आलें. ‘रन म्हणजे धांवणें’ असें मुलांनीं पाठ केलेलेंच होतें. आम्हीं वाक्य घातलें, ‘द लूम रन्स ऑल नाइट.’ कबनूरच्या एका विद्यार्थ्यानें लिहिलें, ‘माग रात्रभर धांवतो.’ वर्ग हंसला. सांगावयास लाज वाटते, पण आम्हीही हंसलों. दुसऱ्या दिवशीं मुलगा आला नाहीं.

सायंकाळीं आम्ही त्याच्या घरीं गेलों. कबनूर इचलकरंजीस लागूनच आहे. तेथें १९०४ सालीं विठ्ठलराव दातारांनीं पहिला यंत्रमाग बसविला. आज कबनुरांतही तोच खडखडाट ऐकूं येतो. मुलाचे वडील मागावरून उठून म्हणाले, “मास्तर, आमी माग ‘चालतो’ म्हंतो. त्याला पाय कुठं हाईत? मग सायबाचा पळाला तर हसायचं काय त्यात?”

पदवीधर असूनही आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. परततांना वाटभर तोच विचार: पंचगंगा वाहते, सडक जाते, दुकान चालतें, नाक गळतें, इंग्रजास मात्र या सर्वांस एक ‘रन’ पुरतो!

दुसऱ्या दिवशीं मुलगा आला. आपलें हंसणें चुकलें, हें आम्हीं वर्गासमोर सांगितलें आणि फळ्यावर लिहिलें, ‘द कलर रन्स.’ धुतलेल्या लुगड्याची गोष्ट आहे, एवढेंच सुचविलें. सारे गप्प. मागच्या बांकावरून तो हळूच उठला.

“सर, रंग जातो.”