गवताचा हिशोब



या वेळची नोंद शेतातली नाही, मुंबईत काळाचौकीतली आहे. पण ट्रॅक्टर भाड्यानं देणारे, फवारणीची कामं घेणारे, रोपवाटिका चालवणारे, सगळ्यांच्याच उपयोगाची आहे, म्हणून लिहितोय.

आमचे थोरले चुलते गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि काम गेलं ते गेलंच. काळाचौकीतली खोली तेवढी राहिली. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, आता लालबाग-परळच्या टॉवरांमधली लॉन सांभाळतो. कधीकाळी गिरण्या होत्या तिथले टॉवर; पार्किंगच्या छतावर माती टाकून केलेली हिरवळ. अकरा सोसायट्या, गवत कापायची दोन मशीन, तीन माणसं. सगळा हिशोब भिंतीवरच्या कॅलेंडरवर.

श्रावणात पाटणहून गेलो तर दादा गप्प गप्प. जुलैत एका सोसायटीची पाळी लिहायची राहून गेली. पावसात लॉन आठ-दहा दिवसांनी कापावं लागतं, तिथं तीन आठवडे कुणी फिरकलंच नाही. मग माणसानं एका दमात पार बुडापर्यंत कापलं. पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त एका वेळी कापू नये, हे आपल्यातल्या जाणकारांना सांगायला नको. लॉन पिवळं पडलं आणि काम हातचं गेलं. दुसरी सोसायटी म्हणते, "तुमचा माणूस दोनदाच आला." गेला होता चारदा, पण पुरावा काय?

तशात एक सॉफ्टवेअरवाला येऊन गेलेला. माणशी महिना ५०० रुपये. चार फोन धरले तर वर्षाला २४,००० रुपये. दादा सही करायच्या बेतात होता. मी म्हणलं, "दादा, थांब जरा. आधी गळती कुठं आहे ते बघू."

रात्री वहिनी आणि मी कॅलेंडर, बिलं आणि फोनमधले निरोप जुळवत बसलो. जूनपासून बिलात न आलेल्या १४ पाळ्या सापडल्या. पाळीला ९०० रुपयांप्रमाणे १२,६०० रुपये. त्यासाठी २४,००० घालायचे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! गेलेलं काम धरलं तर नुकसान मोठं आहे, पण ते महागडं सॉफ्टवेअर नव्हतं म्हणून नाही, पाळी लिहिली नाही म्हणून झालं.

मग एकेक पर्याय बघितला. टॅली हिशोबाला आणि जीएसटीला पक्की, पण आज कुठलं लॉन कापायचं ते ती सांगत नाही. शिवाय सेवेचा धंदा वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि दादाची उलाढाल त्याच्या बरीच खाली. खाताबुकमध्ये उधारी दिसते, पाळी दिसत नाही. ईआरपीनेक्स्ट मुंबईतच तयार झालेलं, परवान्याला पैसे नाहीत. पण ते बसवून द्यायला जाणता माणूस लागतो, सर्व्हरचा खर्च असतो. तीन माणसांच्या धंद्याला तो नांगर जड.

शेवटी वहिनीच म्हणाल्या, "भावोजी, रात्री भाकऱ्या झाल्यावर दहा मिनिटांत मला भरता येईल तेच टिकेल."

झालं. फुकटातली गुगल शीट घेतली. एक पाळी, एक ओळ: तारीख, सोसायटी, माणूस, रक्कम, बिल नंबर, पैसे आल्याची तारीख. आणखी एक रकाना पुढच्या पाळीचा. पावसात नऊ दिवसांनी, थंडीत अठरा. तारीख उलटली की रकाना लाल. माणसांना एवढंच सांगितलं, कापायच्या आधी आणि नंतर जीपीएस कॅमेऱ्यानं फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. एक जण झारखंडचा आहे, त्याला मराठी लिहिता येत नाही. फोटोला लिहिणं लागतच नाही.

सप्टेंबरात वाद घालणाऱ्या सोसायटीनं पुन्हा तेच सुरू केलं. वहिनींनी फोटो पाठवले, त्यावर तारीख, वेळ, जागा सगळं. त्या महिन्याचं बिल पूर्ण मिळालं. जुने दोन पाळ्यांचे पैसे बुडाले ते बुडालेच, आणि गेलेलं कामही परत आलं नाही.

धंदा वाढला तर उद्या विकतचं घ्यावंही लागेल. तेव्हा दादाला चार गोष्टी विचारायला सांगून आलोय. पहिल्या वर्षानंतर भाव काय? रेंज नसताना चालतं का? सोडायचं ठरलं तर आपली सगळी नोंद एक्सेलमध्ये बाहेर काढता येते का? आणि रोज भरणार कोण? बघायचं ते भर पावसात वापरून बघायचं. उन्हाळ्यात काम कमी असताना काहीही चांगलंच वाटतं.

गावी आल्यावर मी आमच्या मळणी मशीनची तशीच शीट केली. जुनी वही उतरवताना गेल्या हंगामातली तीन गिऱ्हाईकं निघाली, ज्यांच्याकडं मी पैसे मागितलेच नव्हते. दादाला शहाणपण शिकवून आलेला मी!